रोमन चांदीची नाणी: सम्राट, देवी आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाण्यांची आवड लागलेला माणूस आधी चेहरे बघतो. रोमन नाण्यांच्या बाबतीत तेवढ्यावर थांबले तर अर्धे नाणे वाचायचे राहून जाते. सत्तेवर कोण होते ते दर्शनी बाजू सांगते. त्या सत्ताधीशाला लोकांच्या मनावर काय बिंबवायचे होते, हे मात्र मागच्या बाजूवरची देवी सांगते. म्हणून खालच्या उत्तरांमध्ये देवींना जास्त जागा दिली आहे.

डिनेरियस म्हणजे नेमके कोणते नाणे?

रोमचे मुख्य चांदीचे नाणे. हॅनिबलबरोबरच्या दुसऱ्या प्युनिक युद्धाच्या धामधुमीत, इ.स.पू. २११ च्या सुमारास ते सुरू झाले. सुरुवातीला त्याचे वजन साडेचार ग्रॅमच्या आसपास होते, थोड्याच वर्षांत ते ३.९ ग्रॅमच्या जवळ आले. व्यास साधारण १८ ते २० मिलिमीटर. पहिल्या नाण्यांवर एका बाजूला पंखांचे शिरस्त्राण घातलेली रोमा देवी आणि दुसऱ्या बाजूला कॅस्टर व पोलक्स हे घोड्यावर स्वार झालेले जुळे देव दिसतात. रोमाच्या डोक्यामागे दहाचा रोमन आकडा असतो, कारण तेव्हा एक डिनेरियस म्हणजे दहा ‘ॲस’ (हे कांस्याचे छोटे नाणे) असा हिशोब होता. इ.स.पू. १४० च्या आसपास तो सोळा ॲस झाला. पुढे चार सेस्टर्टियसचा एक डिनेरियस आणि पंचवीस डिनेरियसचा एक सोन्याचा ऑरियस, हे कोष्टक दीर्घकाळ टिकले. नाणे स्वतः जवळजवळ साडेचारशे वर्षे चालले.

एका डिनेरियसची किंमत त्या काळी किती होती?

पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळात सैनिकाचा वर्षाचा पगार २२५ डिनेरियस होता, तोही तीन हप्त्यांत. अन्न आणि कपड्यांचे पैसे त्यातूनच कापले जात. नंतरच्या डोमिशियन या सम्राटाने तो ३०० वर नेला. बायबलमधल्या द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तात मजुराची दिवसाची मजुरी एक डिनेरियस आहे. पाँपेईतल्या एका भिंतीवर दारूचे दर लिहिलेले सापडले: साधी एक ॲसला, उत्तम फालेर्नियन चार ॲसला. म्हणजे डिनेरियस ही सुट्टी चिल्लर नव्हे, ती दिवसभराच्या कष्टाची कमाई होती. हातात नाणे घेताना हे लक्षात असावे.

नाण्यावर सम्राटाचा चेहरा कधीपासून आला?

प्रजासत्ताकाच्या, म्हणजे सम्राटांच्या आधीच्या काळात जिवंत माणसाचा चेहरा रोमच्या नाण्यावर घालत नसत. देव-देवता, पूर्वज, जुन्या विजयांची आठवण एवढेच असायचे. इ.स.पू. ४४ च्या आरंभी ही मर्यादा मोडली. ज्युलियस सीझरचा हार घातलेला चेहरा आणि ‘कायमचा हुकूमशहा’ अशा अर्थाचा मुद्रालेख (नाण्यावरची अक्षरे) असलेले डिनेरियस पाडले गेले. मागे प्रेमाची देवी व्हीनस उभी आहे, तिच्या तळहातावर छोटी विजयदेवी. सीझरचे घराणे आपली वंशरेषा व्हीनसपर्यंत नेत असे, त्यामुळे तिची निवड सहज झालेली नाही. मार्चच्या मध्यावर सीझरचा खून झाला.

पुढची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. खून करणाऱ्यांपैकी ब्रूटसने नंतर स्वतःच्या सैन्यासाठी नाणी पाडली. मागे दोन खंजीर, मध्ये मुक्त झालेल्या गुलामाची टोपी आणि खाली खुनाची तारीख. दर्शनी बाजूवर मात्र ब्रूटसने स्वतःचाच चेहरा घातला. एकाधिकारशाहीविरुद्ध उठलेल्या माणसालाही सीझरने घालून दिलेली चाल मोडता आली नाही. त्यानंतर चेहरा नाण्यावरून हलला नाही.

चेहऱ्यांचे कसबही पाहण्यासारखे आहे. सत्तरी ओलांडलेला ऑगस्टस शेवटच्या नाण्यांवरही तरुणच आहे. नीरोची मान आणि हनुवटी वर्षागणिक जाड होत जाते. व्हेस्पेशियन टकला, सुरकुतलेला, शेतकऱ्यासारखा रापलेला आहे, आणि त्याने तसाच दाखवा म्हटले असावे. ओथो जेमतेम तीन महिने सत्तेवर होता. तो केसांचा टोप घालत असे हे रोमन चरित्रकार सुएटोनियसने लिहिले आहे आणि नाण्यावरच्या नीटस केसांच्या ओळी पाहिल्या की ते पटते.

मागच्या बाजूवरची देवी ओळखायची कशी?

मराठी वाचकाला हे काम अवघड जाऊ नये. देवळात आपण मूर्ती ओळखतो ती हातातल्या वस्तूंवरून, वाहनावरून, उभे राहण्याच्या ढबीवरून. रोमन देवींचेही तसेच आहे. चेहरा बघू नका, हात बघा.

हातात गलबताचे सुकाणू आणि फळाफुलांनी भरलेले शिंग असेल तर ती फॉर्च्युना, दैवाची देवी. सुकाणू यासाठी की नशिबाची दिशा तीच वळवते; कधी पायाशी चाकही असते. तराजू आणि तेच भरलेले शिंग असेल तर चोख व्यवहाराची देवी एक्विटास किंवा टाकसाळीची देवी मोनेटा. दोघी इतक्या सारख्या दिसतात की मुद्रालेख वाचल्याशिवाय फरक सांगता येत नाही. ऑलिव्हची फांदी म्हणजे पॅक्स, शांतता. सापाला वाटीतून खाऊ घालणारी ती सॅलस, आरोग्य आणि सुरक्षिततेची देवी. एका हातात फूल आणि दुसऱ्या हाताने वस्त्राचा काठ किंचित उचललेला, जणू पुढचे पाऊल टाकते आहे, ती स्पेस, म्हणजे आशा. डोक्यावर पदर ओढून घेतलेली पुडिसिटिया, शील. धान्याच्या लोंब्या आणि मशाल असेल तर पिकांची देवी सेरेस. धान्याचे माप आणि शेजारी गलबताचे टोक असेल तर अन्नोना. अन्नोना म्हणजे इजिप्त आणि आफ्रिकेतून रोमला येणाऱ्या धान्याची देवी. ती नाण्यावर दिसली की शहराच्या पोटाची चिंता सम्राटाने मनावर घेतल्याचे सांगितले जाते आहे असे समजावे.

मोर दिसला की देवांची राणी ज्युनो. शिरस्त्राण, भाला आणि ढाल म्हणजे बुद्धीची देवी मिनर्व्हा. डोमिशियनची ती लाडकी, त्याच्या डिनेरियसवर ती वर्षानुवर्षे येत राहते. मात्र शिरस्त्राण घातलेली आणि तळहातावर विजयदेवी घेऊन बसलेली असेल तर ती बहुधा रोमा. पंख असलेली, हार आणि खजुराची फांदी घेतलेली व्हिक्टोरिया, म्हणजे विजयदेवी, ओळखायला चुकूच शकत नाही.

यातल्या खऱ्या देवी किती आणि नुसत्या कल्पना किती?

आपण करतो तसा भेद रोमन लोक करत नसत. शांतता, एकोपा, आशा हे आपल्याला भाववाचक शब्द वाटतात, त्यांच्यासाठी त्या पूजा घेणाऱ्या देवी होत्या. एकोप्याची देवी कॉनकॉर्डिया हिचे मंदिर रोमच्या फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात होते, सॅलसचे क्विरिनाल टेकडीवर. पॅक्सची ऑगस्टसने उभारलेली वेदी आजही रोममध्ये पाहता येते. प्रजासत्ताकाच्या काळात टाकसाळही कॅपिटोल टेकडीवर ज्युनो मोनेटाच्या मंदिराला लागून होती. नाणी देवीच्या छायेत पाडली जात.

राण्यांची नाणी इतकी का सापडतात?

कारण राणीचे नाणे हे घराण्याच्या स्थैर्याचे आश्वासन असे. सर्वात ठळक उदाहरण थोरल्या फॉस्टिनाचे. अँटोनायनस पायसची ही पत्नी इ.स. १४० मध्ये वारली. तिला देवत्व बहाल झाले आणि पती इ.स. १६१ मध्ये मरेपर्यंत तिच्या नावाची नाणी निघत राहिली. मुद्रालेखात ‘दिवा फॉस्टिना’ (देवत्व पावलेली फॉस्टिना), मागे सेरेस, चुलीची देवी व्हेस्टा किंवा चिरंतनतेची देवी एटर्निटास. एवढ्या मोठ्या संख्येने ती निघाली की आजही नवख्या संग्राहकाला परवडतात. दोघांच्या नावाचे मंदिर रोमन फोरममध्ये उभे आहे. मध्ययुगात त्याचे चर्च झाले म्हणून ते वाचले.

धाकटी फॉस्टिना, म्हणजे तिची मुलगी आणि मार्कस ऑरेलियसची पत्नी, हिच्या नाण्यांवर फेकुंडिटास ही संततीची देवी कडेवर आणि पायाशी मुले घेऊन येते. तिला डझनभर तरी मुले झाली, बरीचशी लहानपणीच गेली. ही माहिती असली की ते नाणे नुसते गोड वाटत नाही.

ज्युलिया डोम्ना सीरियातल्या एमेसाची, सूर्यदेवाच्या पुजाऱ्याची मुलगी. सेप्टिमियस सेव्हेरसशी लग्न करून ती साम्राज्ञी झाली. तिच्या डिनेरियसवर व्हीनस, ज्युनो, व्हेस्टा, डायना, पिएटास अशी देवींची रांगच आहे. शिरस्त्राणासारखी घट्ट वेणीफणी पाहून ती लांबूनही ओळखू येते. तिची सून प्लॉटिला हिची नाणी मात्र जड मनाने पाहावी लागतात. इ.स. २०२ मध्ये डोम्नाचा मुलगा कॅराकला याच्याशी लग्न झाले तेव्हा नाण्यांवर नवरा-बायकोने हात हातात घेतलेले आणि ‘सुखी एकोपा’, ‘साम्राज्याची वंशवृद्धी’ असे शब्द. इ.स. २०५ मध्ये तिच्या वडिलांना ठार करून तिला बेटावर हद्दपार केले गेले आणि कॅराकला एकटा सत्तेवर आल्यावर तिलाही मारले.

म्हणजे नाण्यावरची देवी जे सांगते ते खरे मानायचे नाही का?

ती वस्तुस्थिती सांगत नाही, ती गरज सांगते. हा फरक कळला की रोमन नाणी वाचता येतात. इ.स. ६९ मध्ये एका वर्षात चार सम्राट झाले, यादवी पेटलेली होती, आणि ओथोचे डिनेरियस ‘रोमन जनतेची सुरक्षितता’ या देवीला पुढे करतात. इ.स. ९६ मध्ये डोमिशियनच्या खुनानंतर म्हातारा नर्व्हा गादीवर आला. सैन्य नाराज होते. त्याच्या नाण्यावर दोन हात एकमेकांत गुंफलेले आणि मुद्रालेख ‘सैन्याचा एकोपा’. इ.स. २३८ मध्ये बाल्बिनस आणि प्युपिएनस या दोघांना सिनेटने एकत्र सम्राट केले. त्यांच्या चांदीच्या नाण्यांवरही गुंफलेले हात आहेत आणि शब्द आहेत ‘परस्परांवरील प्रेम’. दोघांचा एकमेकांवर विश्वास नव्हता. तीन महिन्यांच्या आसपास त्यांच्याच अंगरक्षकांनी दोघांना संपवले.

म्हणून कॉनकॉर्डिया दिसली की कुठे बेबनाव आहे ते शोधावे, सैन्याच्या निष्ठेचा उल्लेख दिसला की कोणत्या छावणीत कुरबूर आहे ते पाहावे. प्रत्येक वेळी हा नियम लागू पडेल असे नाही. ट्राजन आणि हेड्रियनच्या नाण्यांवरचा आत्मविश्वास बऱ्याच अंशी खरा आहे. हेड्रियनने साम्राज्यभर दौरे केले आणि इजिप्त, हिस्पानिया, आफ्रिका या प्रांतांना स्त्रीरूपात नाण्यांवर आणले. ती मालिका पाहताना नकाशाच उलगडत जातो.

ही नाणी शुद्ध चांदीची असत का?

आरंभी जवळजवळ शुद्ध. अपवाद म्हणजे रोमन सेनापती मार्क अँटनीने ॲक्टियमच्या समुद्री लढाईआधी आपल्या सैन्यासाठी काढलेली, गलबत आणि सैन्यध्वजांची नाणी. त्यांत हीण जास्त, म्हणून लोकांनी ती साठवून न ठेवता खर्च केली. दोन शतकांनंतरच्या साठ्यांतही ती झिजून गुळगुळीत झालेली सापडतात.

इ.स. ६४ मध्ये नीरोने वजन सुमारे ३.४ ग्रॅमवर आणले आणि कसही उतरवला. पुढच्या दीडशे वर्षांत अधूनमधून सुधारणा झाल्या, पण उतार थांबला नाही. सेप्टिमियस सेव्हेरसने सैन्याचा पगार वाढवला आणि चांदी निम्म्यावर आली. इ.स. २१५ मध्ये कॅराकलाने नवे नाणे काढले. आज त्याला अँटोनिनियानस म्हणतात. त्यावर सम्राटाच्या डोक्यावर सूर्यकिरणांचा मुकुट असतो आणि राणीचा अर्धपुतळा चंद्रकोरीवर. बहुतेक अभ्यासकांच्या मते ते दोन डिनेरियसच्या दराने चालवले गेले, पण आत चांदी साधारण दीड डिनेरियसची होती. इ.स. २६० च्या दशकात गॅलिएनसच्या अखेरच्या नाण्यांत चांदी ५ टक्क्यांच्याही खाली गेली. तांब्याच्या चकतीवर चांदीचा पातळ मुलामा, एवढेच उरले.

या सगळ्या काळात तराजू धरलेली मोनेटा आणि एक्विटास नाण्यांवर येतच राहिल्या. चोख मापाची देवी आणि उतरत चाललेला कस एकाच तुकड्यावर पाहायला मिळतात. इ.स. २७४ च्या सुमारास ऑरेलियनने आणि इ.स. २९४ च्या सुमारास डायोक्लीशियनने घडी बसवण्याचा प्रयत्न केला. डायोक्लीशियनचे ‘अर्जेंटियस’ पुन्हा चांगल्या चांदीचे होते.

मुद्रालेखातली अक्षरे कशी वाचायची?

शब्दांत जागा सोडलेली नसते आणि संक्षेप भरपूर असतात, त्यामुळे घाबरायला होते. पण नेहमीचे संक्षेप दहा-बाराच आहेत. ‘आय एम पी’ म्हणजे इंपेरेटर, ‘ए व्ही जी’ म्हणजे ऑगस्टस (पुढे सगळ्याच सम्राटांची पदवी), ‘पी एम’ म्हणजे मुख्य पुरोहित, ‘पी पी’ म्हणजे राष्ट्रपिता. ‘यू’च्या जागी ‘व्ही’ असते. तारीख काढायला ‘टी आर पी’ आणि ‘सी ओ एस’ उपयोगी. पहिला दरवर्षी नव्याने मिळणारा लोकप्रतिनिधीचा अधिकार, दुसरे कॉन्सलपद, म्हणजे वर्षभरासाठीचे सर्वोच्च अधिकारपद. ट्राजनच्या नाण्यावर कॉन्सलपदाचा आकडा पाच असेल तर ते इ.स. १०३ ते १११ मधले, कारण सहावे पद त्याने ११२ मध्ये घेतले.

नाणी पाडत कशी?

हाताने. एक ठसा ऐरणीत बसवलेला, त्यावर चांदीची तापवलेली चकती, वर दुसरा ठसा आणि त्यावर हातोड्याचा घाव. म्हणून चित्र मध्यभागी नसणे, कडेला चीर असणे, अक्षरे अर्धी कापली जाणे हे दोष नव्हेत, ती त्या पद्धतीची खूण आहे.

भारतात रोमन चांदीची नाणी सापडतात का? महाराष्ट्रात?

भारतात मोठ्या प्रमाणावर सापडतात, पण मुख्यतः दक्षिणेत: कोईमतूरच्या परिसरात आणि आंध्र-तेलंगणात. त्यांत दोन प्रकारांची गर्दी असते. एक, ऑगस्टसचे नातू गायस आणि ल्युशियस ढालींसह उभे असलेले, आजच्या फ्रान्समधल्या लियाँ येथे पाडलेले नाणे. दुसरे टायबेरियसचे, ज्यावर मागे एक स्त्री सिंहासनावर बसलेली आहे. ती शांतिदेवी पॅक्स की सम्राटाची आई लिव्हिया, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. नीरोने कस उतरवल्यानंतरची चांदीची नाणी इकडे फार थोडी आढळतात. इथल्या व्यापाऱ्यांना चांदीची पारख होती. रोमन लेखक प्लिनीने सांगितलेली एक हकिकत इथे जोडून पाहावी: वेगवेगळ्या सम्राटांचे डिनेरियस वजनाला सारखेच भरतात हे पाहून श्रीलंकेचा राजा रोमन लोकांच्या सचोटीवर खूश झाला होता. याच प्लिनीची तक्रार होती की भारत दरवर्षी साम्राज्यातून ५ कोटी सेस्टर्टियस ओढून घेतो.

महाराष्ट्रात असे मोठे चांदीचे साठे मिळालेले नाहीत, पण संबंध पक्का आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण, तेर, कल्याण, सोपारा आणि चौल येतात, आणि भडोचला सोन्याचांदीचे डिनेरियस नेले तर स्थानिक चलनात नफ्याने बदलून मिळतात असेही लिहिले आहे. ती चांदी वितळवून क्षत्रपांची, म्हणजे पश्चिम भारतातल्या शक राजांची नाणी पाडली गेली असावीत असे काही अभ्यासकांना वाटते. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांवर राजाचा चेहरा आहे आणि भोवती ग्रीक अक्षरेही. त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा उमटवला. हरलेल्या राजाच्या चेहऱ्यावर जिंकणाऱ्याची चिन्हे! नाण्यावरून राजकारण करण्यात आपले सातवाहन रोमन सम्राटांना कुठेच कमी नव्हते. दख्खनमध्ये रोमन नाण्यांच्या भाजक्या मातीच्या प्रतिकृतीही सापडल्या आहेत, काहींना दोरा ओवायला भोक असलेल्या. परक्या सम्राटाचा चेहरा दागिना म्हणून गळ्यात घातला जात होता.

खरे नाणे आणि नकली यांत फरक कसा करायचा?

साच्यात ओतलेल्या नकलेच्या कडेवर बारीक शिवण दिसते, पृष्ठभागावर बुडबुड्यांची टोचणी असते, अक्षरांच्या कडा साबणासारख्या मऊ असतात. एकाच जागी छिद्र, एकाच जागी चीर असलेली दोन नाणी दिसली तर दोन्ही सोडून द्या. मात्र ठशाने पाडलेल्या नकला जास्त फसव्या असतात. एकोणिसाव्या शतकात कार्ल विल्हेल्म बेकर या जर्मन कारागिराने कोरलेले ठसे अजून जाणकारांना विचारात पाडतात. प्राचीन काळीही तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवलेली नाणी होती. ती त्या काळची नकली, पण आज स्वतःच अभ्यासाचा विषय आहेत.

नाणे कुठून आले याची कागदपत्रे वजनाइतकीच महत्त्वाची. ब्रूटसच्या खंजिराच्या नाण्याची सोन्यातली एक प्रत २०२० मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे ४० लाख डॉलरला गेली. तिचा पूर्वेतिहास बनावट निघाला आणि २०२३ मध्ये ती ग्रीसला परत करावी लागली.

काळे पडलेले नाणे घासून साफ करावे का?

करू नये. चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर, काहीही नको. तो काळसर थर चांदीचे वय आहे आणि तोच तिला राखतो. जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असू शकते, दाबले तर मोडते. कडेने धरा, पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, आणि कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात ओलावा शोषणारी पुडी डब्यात असू द्या.

शेतात जुनी नाणी सापडली तर?

१८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. परस्पर सोनाराकडे नेऊ नका. वितळलेल्या साठ्याबरोबर त्या गावाचा इतिहासही वितळतो. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात: त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाहीत.

ही नाणी पाहायला कुठे जावे?

चेन्नईच्या एग्मोरमधल्या शासकीय संग्रहालयात दक्षिणेत सापडलेल्या रोमन नाण्यांचा मोठा संग्रह आहे. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय आहे; भारतीय नाण्यांची पायाभरणी तिथे उत्तम होते. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीला सापडलेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती आहे. नाणे नसले तरी व्यापार किती खोलवर पोहोचला होता ते तिच्यापुढे उभे राहिल्यावर कळते. लंडनमध्ये असाल तर ब्रिटिश म्युझियमचे ६८ क्रमांकाचे दालन, रोममध्ये असाल तर पलाझो मासिमोचे तळघर. आणि घरबसल्या पाहायचे असेल तर अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीची ‘ओसीआरई’ ही रोमन साम्राज्याच्या नाण्यांची ऑनलाइन सूची विनामूल्य खुली आहे. तिथे सम्राटाच्या नावाने शोधता येते तसे देवीच्या नावानेही. सुरुवात देवीपासून करा.